क्रिबमधल्या फटी: एका कुटुंबाच्या निवडीचं प्रकरण

बाळ यायला दोन-अडीच महिने उरले होते आणि घरात क्रिबवरून, म्हणजे बाळाला झोपवायच्या गज-कठड्याच्या छोट्या पलंगावरून, एकमत होत नव्हतं. घर तिघांचं: होणारी आई, तिचा नवरा आणि सासूबाई. मी नवजात शिशु विभागात परिचारिका आहे. आईची माझी जुनी ओळख, म्हणून तिने मला बोलावलं. त्यांच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

त्यांच्यापुढे तीन पर्याय होते. पहिला, मोठ्या जाऊबाईंकडची क्रिब. भरीव लाकडाची, वजनदार, साधारण १५ वर्षांपूर्वी घेतलेली, एका बाजूचा कठडा वर-खाली सरकणारा. जाऊबाईंची दोन्ही मुलं तिच्यातच वाढली होती. दुसरा, नवऱ्याने ऑनलाइन पाहून ठेवलेला संपूर्ण संच: क्रिब, जाड मऊ गादी, चारी बाजूंना आतून बांधायच्या गुबगुबीत पट्ट्या, उशी आणि पांघरूण. तिसरा एका मित्राने सुचवलेला स्लीपर, डोक्याकडून उंच, बाळाला तिरपं ठेवून झुलवणारा. "यात बाळ पाच मिनिटांत झोपतं," असं मित्राने सांगितलं होतं.

अडचणी दोन होत्या. झोपायच्या खोलीत पलंग आणि कपाट यांच्यामध्ये क्रिबसाठी एकच पट्टा मोकळा होता आणि तो खिडकीला लागून होता. शिवाय आईची उंची पाच फुटांपेक्षा कमी, पाठ आधीपासून दुखरी, आणि सिझेरियन होण्याची बरीच शक्यता. उंच कठड्यावरून वाकून बाळ उचलायचं कसं, ही तिची खरी काळजी होती. सरकता कठडा तिला हवाहवासा वाटत होता तो यामुळेच.

मी गेले तेव्हा जाऊबाईंची क्रिब घरात येऊन पडलेली होती. नवऱ्याने कठड्यावर दोन्ही हातांनी आपला भार टाकून दाखवला. "सिस्टर, बघा, हलतसुद्धा नाही. आजकाल असं लाकूड मिळतं का?" लाकूड खरंच सुरेख होतं. क्रिब मजबूत हवी यात वाद नाही. पण नवजात बाळाच्या अंगात क्रिब मोडण्याएवढी ताकद नसते. ते फटीत अडकतं, मऊ पृष्ठभागात नाक रुतून गुदमरतं, आणि थोडं मोठं झालं की कठड्यावरून खाली पडतं. म्हणून मी लाकूड नंतर बघते, आधी मोकळ्या जागा मोजते.

जुन्या क्रिबची तपासणी

सुरुवात गजांपासून केली. दोन गजांमधलं अंतर ६० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावं, ही मर्यादा अमेरिकेत १९७० च्या दशकापासून आहे. युरोपातल्या ईएन ७१६ या मानकात ती ४५ ते ६५ मिलिमीटर अशी आहे. टेप हाताशी नसेल तर शीतपेयाचा नेहमीचा डबा गजांमधून आरपार जातो का ते बघावं; गेला तर फट मोठी आहे. हा आकडा डोक्याच्या मापावरून ठरलेला असेल असं बहुतेकांना वाटतं. तो धडाच्या मापावरून ठरला आहे. बाळ झोपेत सरकत सरकत कडेला येतं, आधी पाय फटीतून बाहेर जातात, मग कंबर, मग छाती. डोकं त्या मानाने मोठं असल्यामुळे आतच अडकतं आणि शरीराचा सगळा भार मानेवर येतो. म्हणजे धडच बाहेर जाणार नाही एवढी फट लहान हवी.

या क्रिबचे जवळजवळ सगळे गज ठीक होते. भिंतीकडच्या कोपऱ्यात मात्र फट ७४ मिलिमीटर भरली. तिथला एक गज कधीतरी तुटला होता आणि तो बदलताना शेजारच्याशी अंतर जुळलं नव्हतं. बाकीच्या पंधरा-वीस फटी बरोबर असून उपयोग नसतो. बाळ कोणत्या फटीकडे सरकेल, हे आपण ठरवत नाही.

मग सरकता कठडा. हा भाग जरा सविस्तर सांगते, कारण अशा क्रिब अजूनही माळ्यावरून निघतात, एका घरातून दुसऱ्या घरात जातात, आणि देणाऱ्याच्या मनात फक्त प्रेम असतं. सरकत्या कठड्याचा सगळा भार खालच्या-वरच्या खाचांवर आणि त्यांत अडकणाऱ्या छोट्या, बहुधा प्लॅस्टिकच्या, कड्यांवर असतो. दिवसातून अनेकदा वर-खाली करून त्या झिजतात, जुन्या होऊन कडक पडतात, तडकतात. एक कडी सुटली की कठडा एका कोपऱ्यातून बाहेर झुकतो आणि गादी व कठडा यांच्यामध्ये इंग्रजी व्ही अक्षरासारखी फट तयार होते. बाळ तिच्यात घरंगळतं आणि गळा किंवा छाती दाबली जाते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २००० सालानंतर अशा सुटलेल्या कठड्यांमुळे झालेले किमान ३२ बालमृत्यू नोंदवले. डिसेंबर २०१० मध्ये आयोगाने नवा नियम केला आणि २८ जून २०११ पासून तिथे सरकत्या कठड्याची पारंपरिक क्रिब बनवणं आणि विकणं, अगदी जुनी विकणंसुद्धा, बंद झालं. त्याच नियमाने गज अधिक बळकट, तळाचा आधार अधिक टिकाऊ आणि बोल्ट आपोआप ढिले न होणारे असावेत ही अट घातली.

जाऊबाईंच्या क्रिबमध्ये चारपैकी एका कोपऱ्यातली कडी मूळची नव्हतीच. तिथे कुणीतरी तारेचा वेढा देऊन काम भागवलं होतं. वरून दिसत नव्हतं; मी क्रिब आडवी करायला लावली तेव्हा दिसलं.

बाकीच्या गोष्टी लवकर उरकल्या. चारी कोपऱ्यांवरच्या खांबांना वर गोल नक्षीदार मुठी होत्या, कठड्यापासून चांगल्या दोन इंच उंच. उभं राहायला शिकलेल्या बाळाचा झबल्याचा गळा किंवा नाडी अशा मुठीत अडकते आणि खाली बसताना फास बसतो. असा खांब कठड्याच्या वर जेमतेम दीड मिलिमीटर चालतो, त्यापेक्षा जास्त नाही. उशाकडच्या फळीत कोरीव नक्षी होती आणि तिच्यातल्या एका भोकातून माझी मूठ सहज आत गेली. रंग मध्ये एकदा नव्याने दिलेला होता, कोणता ते कुणाला आठवत नव्हतं. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. आज अनेक देशांत घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी आहे. दात येताना मुलं कठड्याची वरची कड कुरतडतात, तेव्हा हा रंग थेट पोटात जातो.

"याच्यात दोन मुलं वाढली"

जाऊबाई संध्याकाळी आल्या. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते साहजिक होतं. "माझी दोन्ही मुलं याच्यात वाढली. काही झालं नाही. मग आता एकदम ही धोक्याची कशी झाली?"

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. असे अपघात दुर्मिळ असतात. हजारो मुलं सदोष क्रिबमध्ये झोपतात आणि त्यांतल्या बहुतेकांना काहीच होत नाही. दोन मुलं सुखरूप वाढली यावरून क्रिब सुरक्षित होती असं म्हणता येत नाही, एवढंच कळतं की त्या दोघांच्या वेळी तो प्रसंग आला नाही. आणि त्यांची मुलं झोपत होती तेव्हा कड्या शाबूत होत्या, गज मूळचा होता. मी त्यांना म्हटलं, "ताई, तुम्ही तेव्हा घेतलीत ती चांगलीच क्रिब होती. मधल्या काळात ती थकली आहे, आणि आपल्यालाही आता जास्त कळतं आहे." मला हे मनापासून वाटतं.

त्यांनी दुरुस्तीचं विचारलं. सुताराकडून कठडा कायमचा पक्का करून घेतला तर? कठडा पक्का होईल, पण कोपऱ्यातली फट, मुठी, कोरीव भोकं आणि रंग राहतील. त्या एकेक दुरुस्त करत गेलं तर शेवटी एक अशी वस्तू हातात येते जिची ताकद कुणी तपासलेली नाही. दहा वर्षांहून जुनी क्रिब वापरूच नये, हा अमेरिकी आयोगाचा सल्ला मी अशा वेळी पाळते. तडजोड सुचवली नाही.

पुढचा मुद्दा थोडा कठोर वाटेल. नाकारलेली क्रिब कुणाला देऊन टाकू नये, आणि आहे तशी कचऱ्याशेजारीही ठेवू नये. गरजू माणूस ती विश्वासाने उचलून नेतो. जाऊबाईंच्या संमतीने ती सुटी केली, तारेचा वेढा दिलेला कठडा कापला, आणि रंग न लागलेल्या तळाच्या फळ्या त्यांनी कपाटाच्या कप्प्यांसाठी नेल्या.

नवा संच आणि झुलता स्लीपर

नवऱ्याने निवडलेल्या संचाचा फोटो सुंदर होता: भरगच्च, मऊ, उबदार. मोठ्या माणसाला झोपावंसं वाटेल असा बिछाना. बाळाला नेमकं याच्या उलट लागतं. पहिल्या काही महिन्यांत मान फिरवून नाक मोकळं करण्याची ताकद त्याच्यात भरवशाची नसते. तोंड मऊ कापडाला टेकलं की नाकापुढच्या छोट्याशा जागेत श्वासाने सोडलेली हवाच साठते, बाळ तीच पुन्हा आत ओढतं, प्राणवायू कमी कमी होत जातो आणि बाळ रडतसुद्धा नाही.

गुबगुबीत पट्ट्यांबद्दल नवऱ्याचं म्हणणं होतं की बाळाचं डोकं गजांवर आपटू नये. डोकं हलकेच आपटलं तर बाळ रडेल, फार तर टेंगूळ येईल. पट्टीत नाक दाबलं गेलं तर जीव जाऊ शकतो. दोन्ही धोके एका पारड्यात घालता येत नाहीत. शिवाय बाळ उभं राहू लागलं की तीच पट्टी त्याला वर चढायला पायरी होते. अमेरिकेत मे २०२२ मध्ये झालेल्या कायद्याने या पट्ट्यांची विक्री बंद केली, आणि त्याच कायद्याने १० अंशांपेक्षा जास्त कललेले स्लीपरही बंद केले.

त्यामुळे मित्राच्या सूचनेचंही उत्तर मिळालं. तिरप्या जागेत बाळाची हनुवटी छातीवर टेकते आणि मऊ, अरुंद श्वासनलिका दुमडते. त्यातून तिरपेपणामुळे बाळाला कुशीवर वळणं सोपं जातं, आणि पालथं झाल्यावर चढावर मान उचलून धरणं अवघड. यात बाळ पटकन झोपतं हे खरं असेल. पण आई डोळे मिटून झोपलेली असताना बाळ कुठे असावं, हा आपला प्रश्न आहे. गाडीतल्या कारसीटलाही हेच लागू: प्रवासात ती हवीच, घरी पोचल्यावर बाळाला तिच्यातून काढून सपाट जागी ठेवायचं.

संचातली क्रिब मात्र, बाकीचा कापूस काढल्यावर, वाईट नव्हती. चारी बाजू पक्क्या, गजांतलं अंतर योग्य, कोपरे सपाट. तिचा नाद सोडावा लागला तो उंचीमुळे.

आईची उंची

या प्रकरणात माझा सर्वांत जास्त वेळ इथे गेला, आणि याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने कठडा खोल हवा. ईएन ७१६ नुसार तळ सर्वांत खालच्या पातळीवर असताना तळापासून कठड्याच्या वरच्या कडेपर्यंत किमान ६० सेंटिमीटर लागतात. दहा सेंटिमीटरची गादी घातली की ५० उरतात, आणि त्याहून कमी चालत नाही. उंचीने लहान असलेल्या आईला मात्र कठडा जितका ठेंगणा तितका बरा. सरकता कठडा याच पेचातून आलेला होता.

पण आतली खोली आणि जमिनीपासूनची उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही क्रिबचे पाय उंच असतात, तळ जमिनीपासून बराच वर राहतो आणि कठडा आणखी वर जातो. काहींचा तळ खालच्या पातळीवर जमिनीलगत येतो, त्यामुळे आतली खोली पुरेशी असूनही कठड्याची कड बरीच खाली राहते. जाहिरातीत लांबी-रुंदी ठळक असते, ही उंची बारीक अक्षरात. आम्ही घरात भिंतीवर पेन्सिलने खूण केली: आईने सरळ उभं राहून कोपर वाकवला की जिथे येतो, तिथे. कठड्याची कड त्या खुणेच्या खाली असेल अशीच क्रिब शोधायची. पायाखाली स्टूल घेण्याची कल्पना सासूबाईंनी मांडली होती. हातात बाळ आणि डोळ्यांवर झोप असताना स्टुलावर चढणं-उतरणं मला मान्य नव्हतं.

दुसरी गरज तळाच्या तीन पातळ्यांची. सिझेरियननंतर पहिले आठवडे खाली वाकून काही उचलणं दुखतं, तेव्हा तळ सर्वांत वर ठेवायचा. ही सोय तात्पुरती असते, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

शेवटी घेतलेली क्रिब

६० बाय १२० सेंटिमीटरच्या गादीची, चारी बाजू पक्क्या असलेली, साधी, नक्षी नसलेली क्रिब त्यांनी घेतली. खोलीतला पट्टा अरुंद असल्यामुळे यापेक्षा मोठी बसलीच नसती. दोन चाकांना कुलूप होतं, बोल्ट धातूच्या नटांत बसणारे होते. थेट लाकडात पिळलेले स्क्रू एकदा ढिले झाले की पुन्हा धरत नाहीत, म्हणून हे मुद्दाम बघितलं. गादी क्रिबच्याच मापाची, कडक. तळहाताने दाबून हात उचलला की खड्डा राहता कामा नये. गादी आणि कठडा यांच्यामध्ये दोन बोटं शिरली तर ती गादी नको. यांची बसवल्यावर मी चारी बाजूंनी बोट फिरवलं. एक बोट जेमतेम शिरत होतं. वर एक घट्ट बसणारी चादर. आणखी काही नाही.

"अगदीच उघडी-बोडकी दिसते गं," असं सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या मनात तीन शंका होत्या आणि तिन्ही रास्त होत्या. उताणं झोपवलं आणि दूध उलटलं तर घशात अडकेल का? उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते. उलटलेलं दूध खालच्या नळीतच परत जातं. पालथ्या बाळात ही रचना उलटी होते. अमेरिकेत १९९४ मध्ये बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली, आणि त्यानंतरच्या वर्षांत झोपेतल्या आकस्मिक बालमृत्यूंचं प्रमाण निम्म्यावर आलं. पांघरूण नाही तर थंडी वाजेल का? अंगावर घालायची, गळ्याशी आणि हातांशी नीट बसणारी स्लीपिंग बॅग वापरायची. हातपाय गार लागले तरी घाबरायचं नाही, मानेमागे किंवा छातीवर हात ठेवून ऊब बघायची. डोकं चपटं होईल का? जागेपणी, आपल्या नजरेसमोर, बाळाला रोज थोडा वेळ पालथं ठेवायचं आणि झोपवताना डोक्याची बाजू बदलत राहायची. दिवसा बाळ त्याच सांभाळणार होत्या. त्यांना हे पटलं नसतं तर आम्ही रात्रीची निवड केली असती आणि दिवसा उशी परत आली असती.

क्रिब आईच्या पलंगाशेजारीच ठेवायची होती. पहिले किमान सहा महिने बाळ आईवडिलांच्या खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या बिछान्यावर असावं, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. हे आकस्मिक मृत्यू प्रामुख्याने याच काळात होतात. अडचण खिडकीची होती. पडद्याची दोरी क्रिबच्या कठड्यापर्यंत लोंबत होती. ती वर गुंडाळून खिळ्याला अडकवू, असं नवरा म्हणाला. गुंडाळलेली दोरी कधी ना कधी सुटते. दोरीचा पडदा काढून बिनदोरीचा लावला आणि कपाट सरकवून क्रिब खिडकीपासून हातभर दूर घेतली. क्रिबच्या वरच्या भिंतीवर एक फळी आणि तसबीर होती, तीही काढली.

पुढचे महिने

सिझेरियनच झालं. तळ वरच्या पातळीवर असल्यामुळे आईला बाळ घेताना वाकावं लागलं नाही. पाचव्या महिन्यात बाळ हातांवर जोर देऊन छाती उचलू लागलं तेव्हा आईने फोन केला, आणि तळ त्याच दिवशी एक पातळी खाली घ्यायला मी सांगितलं. बसायला लागल्यावर खाली करू, असं बरेच जण ठरवतात. बाळ पहिल्यांदा बसतं तो दिवस आधी कळवून येत नाही. क्रिबवर लटकवलेलं खेळणं त्याच वेळी काढलं. कुशीवर वळून स्वतःहून पालथं झालं तर उलटं करत बसायचं नाही, फक्त झोपवताना उताणंच ठेवायचं, हेही तेव्हाच बोलणं झालं.

बोल्ट तपासायचं काम नवऱ्याने घेतलं आहे. ऋतू बदलला की लाकूड आकसतं किंवा फुगतं आणि पक्का बोल्टही ढिला होतो. एका कोपऱ्यातला बोल्ट एकदा अर्धा फेरा ढिला सापडला. क्रिबबरोबर आलेला पाना त्याने तळाला चिकटवून ठेवला आहे, म्हणजे शोधाशोध नको.

आता बाळ कठडा धरून उभं राहतं. तळ सर्वांत खाली आहे आणि तळ खाली गेल्यामुळे आईला वाकणं पुन्हा त्रासदायक झालं आहे, पण बाळ आता हात वर करून स्वतःहून पुढे येतं. उभ्या बाळाच्या छातीच्या खाली कठडा यायला लागला, त्याची उंची ८९ सेंटिमीटरच्या आसपास गेली, किंवा एक पाय कठड्यावर टाकायचा प्रयत्न त्याने केला, की यांतलं जे आधी होईल त्या दिवशी क्रिब बंद करून जमिनीलगतचा बिछाना घालायचा. त्याआधी खोलीतलं कपाट भिंतीला पक्कं करायचं आहे. ते काम या महिन्यात होणार आहे.